बोलणारं मेंडोलिन

दस्तगीरमामा स्टोव्ह दुरुस्त करायचे आणि दुरुस्त करता करता त्याला शिव्या द्यायचे. रागानं नव्हे. आई पोराला अंघोळ घालताना त्याच्याशी काहीबाही बोलत असते, तसं त्यांचं ओठातल्या ओठात चाललेलं असायचं. कुठं अडलंय तुझं, बोल की मुडद्या... हां, नळीत काजळी धरलीयास व्हय... आता फुरफुरतंय बघ शाणं. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी त्यांचं तिकडं ध्यान नसायचं. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पडवी, तिला दोन फळ्या, आणि फळ्यांवर पेठेतले सगळे आजारी स्टोव्ह, कंदील आणि गॅसबत्त्या. एकदा एका बाईनं त्यांना विचारलं, की तुम्हाला गप बसून काम करता येत नाही का? मामांनी तिच्यासमोर गप बसून दाखवलं. हातातला पाना जिथं होता तिथं थांबला. ओठ मिटलेले होते तोवर हात काही हलला नाही.

"बघा," मामा म्हणाले, "तोंड बंद झालं की हात बंद पडतोय. एकाच चावीवर चालतंय दोन्ही."

बाई आपला स्टोव्ह घेऊन गेली. पुन्हा तिनं तो प्रश्न विचारला नाही.

मामांचा दुसरा एक नियम होता. कुठल्याही वस्तूचा कुठलाही भाग ते टाकून देत नसत. खोललेलं सगळं परत आत गेलं पाहिजे, यावर त्यांची श्रद्धा होती. एखादा वायसर झिजून नुसता डाग उरला असला, तरी नव्या वायसराच्या खाली तोही ठेवायचे. कंपनीनं घातला म्हणजे काहीतरी विचार करूनच घातला असणार, आपण काढणारे कोण, असं म्हणायचे. त्यामुळे मामांच्या हातून गेलेला स्टोव्ह दर खेपेला थोडा जड होऊन परत यायचा.

मला ते नावानं हाक मारत नसत. 'बीए' म्हणायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील पिठाच्या गिरणीत कामाला होते, आईला सही करता येत नव्हती. पदवी मिळाली त्या दिवशी वडिलांनी गल्लीत पेढे वाटले आणि वाटताना प्रत्येकाला सांगितलं, की आता काय अडलं तर पोराला विचारा. लोकांनी ते मनावर घेतलं. माझा विषय इतिहास. पण म्हशीच्या औषधाचा कागद असो, कोर्टाचं समन्स असो, नाहीतर विजेचं बिल असो, सगळं माझ्याकडे यायचं. मला कुणाला नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर म्हणावंसंही वाटलं नाही.

आता मेंडोलिनकडे येतो. संध्याकाळी दुकानाच्या फळ्या लावल्या की मामा भिंतीवरचं मेंडोलिन काढायचे. दत्तोबा पेटीवाल्यांची वाजवणाऱ्यांची एक पार्टी होती. लग्नाच्या मांडवात, बारशाला, दुकानाच्या उद्घाटनाला ही पार्टी बसायची. दत्तोबा पेटीवर, शंकरराव क्लॅरिनेटवर, एक तबलजी, आणि कडेला दस्तगीरमामा. अठरा वर्षं ते त्या कडेला बसले होते, आणि अठरा वर्षांत त्यांचं मेंडोलिन कुणीही ऐकलेलं नव्हतं. यात अतिशयोक्ती नाही. पेटी, क्लॅरिनेट आणि तबला यांच्यामध्ये मेंडोलिन म्हणजे जत्रेत डास. हात हलताना दिसायचा, एवढंच. एकदा एका वऱ्हाड्यानं त्यांना, पावणं, तुम्ही ते काय खाजवताय, असं विचारलं होतं. मामांना स्वतःलासुद्धा ऐकू यायचं नाही. म्हणून ते मेंडोलिनवर पार वाकून, त्याच्या भोकावर हनुवटी टेकवून वाजवायचे. आणि वाजवताना अर्थातच ओठ चालू असायचे. तेही कुणाला ऐकू येत नव्हतं.

मग लाउडस्पीकर आले. दुसरी मोठी लढाई संपून पाच-सहा वर्षं झाली होती आणि कर्णे नसलेलं लग्न हे लग्नच नव्हे असं लोकांना वाटायला लागलं होतं. पार्टीसमोर एक माइक ठेवायचे. तो पेटीच्या तोंडाशी असायचा. होतं नव्हतं ते मेंडोलिनही त्यात बुडालं. एक दिवस दत्तोबांनी मामांना बोलावून सांगितलं, की राजारामपुरीतला एक अॅकॉर्डियनवाला पार्टीत यायला तयार आहे. आपल्याकडे जागा चारच माणसांची. दिवाळीपर्यंत तुझं वाजवणं लोकांना ऐकू आलं तर ठीक, नाहीतर खुर्ची त्याची. दत्तोबा वाईट माणूस नव्हते. हे सांगताना ते पेटीच्या भात्याची उगाचच उघडझाप करत होते, असं मामांनीच मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मामा माझ्याकडे आले. हातात शेंगदाण्याच्या पुडीचा कागद होता. कुठल्यातरी इंग्रजी मासिकाचं पान, त्यावर गिटारचं चित्र आणि चित्रातून निघालेली एक तार. मामा म्हणाले, "ह्यात लिव्हलंय काय ते सांग. शेंगदाणं खाल्लं, कागुद जपून ठिवलाय."

डिक्शनरी घेऊन मी तीन दिवस त्या पानाशी झुंजलो. मजकूर असा होता : टेलिफोनवाले कानाला लावतात तसला एक फोन घ्यावा. त्यात लोहचुंबक असतं, त्याभोवती बारीक तारेचं वेटोळं असतं, आणि वर पातळ लोखंडी चकती असते. चकती काढून टाकावी. चुंबक वाद्याच्या पोलादी तारांच्या अगदी जवळ बसवावं. तार हलली की वेटोळ्यात वीज खेळते, ती अॅम्प्लिफायरला द्यावी. चकती ठेवली तर मात्र आजूबाजूचा सगळाच आवाज आत येतो.

मी हे सगळं नीट वाचून, समजावून सांगितलं. शेवटचं वाक्य दोनदा सांगितलं. हे नोंदवून ठेवलं पाहिजे, कारण पुढं गल्लीत सगळे म्हणत होते की बीएनं चुकीचं वाचलं.

लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात तेव्हा लढाईतलं भंगार ढिगानं यायचं. त्यातून मामांनी वैमानिकांच्या कानाचा एक फोन आणला. फोन मेंडोलिनच्या भोकातून आत जाईना. मग पाठ उघडायचं ठरलं. मामांनी चुलीवर आधण ठेवून मेंडोलिनला वाफ दिली, मामींचं उलथनं लालबुंद तापवलं, आणि सरस वितळवत पाठीची फळी इंच इंच सोडवली. तोंडानं चालूच होतं : सोड गं बाई, सोड, तुझ्याच भल्याचं हाय. मामी दारात उभ्या राहून, ते उलथनं आता भाकरीला चालायचं नाही, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होत्या. शेजारच्या चार बाया मेंडोलिनचं पोट बघायला आल्या होत्या.

फळी निघाली आणि आतून नख्या पडल्या. नखी म्हणजे तारा छेडायचा सेल्युलॉइडचा छोटा तुकडा. एक, दोन, चार... अकरा नख्या निघाल्या. मामांनी त्या तीनदा मोजल्या. कारण नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या नख्या एकापाठोपाठ नाहीशा होऊ लागल्या होत्या, त्यांनी शंकररावांवर चोरीचा आळ घेतला होता, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. शेजारी बसून वाजवायचे, पण जे काय सांगायचं ते दत्तोबांमार्फत.

मामांनी अकरा नख्या रुमालात बांधल्या आणि मला साक्षीला घेऊन शंकररावांच्या घरी गेले. रुमाल सोडून पुढं ठेवला. शंकररावांनी नख्या मोजल्या.

"अकराच हायत," ते म्हणाले. "बारा गेलत्या की."

मामांनी मान हलवली. शंकरराव उठले, क्लॅरिनेटची पेटी उघडली आणि मखमलीखालून एक नखी काढून अकरांच्या शेजारी ठेवली.

"ही मातर मीच घेतलती. तू चोर म्हणतच व्हतास. म्हटलं, एक तरी असावी आपल्याकडं."

मामांच्या चेहऱ्यावर मी इतकं समाधान क्वचित पाहिलं आहे. आपली नऊ वर्षं अगदीच फुकट गेली नाहीत, असं त्यांना वाटलं असावं. त्यानंतर दोघं तासभर चहा पीत बसले आणि दत्तोबांची निंदा करत राहिले.

फोन बसवायच्या दिवशी मी मुद्दाम हजर राहिलो. मामांनी फोन खोलला. चकती काढली, उजेडात धरली, पदरासारख्या मऊ फडक्यानं पुसली, आणि परत जागेवर बसवली. मी म्हणालो, मामा, ती टाकायची आहे. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं.

"बीए, तू शिकलेला हाईस. पर ज्यानं हे बनवलं त्यो काय येडा व्हता?"

मी पुन्हा कागद वाचून दाखवला. मामा म्हणाले, कागद गिटारचा आहे, हे मेंडोलिन. मी कागदाची घडी घातली. वीज हा माझा विषय नव्हे आणि स्टोव्ह तर मुळीच नव्हे. मामांनी फोन वरच्या फळीला आतून, बरोबर तारा टेकतात त्या घोडीच्या खाली सरसानं चिकटवला. तापलेल्या सळईनं बुडाला भोक पाडलं, त्यातून वायर बाहेर काढली. पाठ परत लावली आणि ती दबून राहावी म्हणून मेंडोलिनवर मामींचा पाटा आणि वरवंटा ठेवला. दोन दिवस घरात वाटण झालं नाही. कोल्हापुरात दोन दिवस वाटणाशिवाय काढणं म्हणजे काय, हे मी इथल्या माणसाला सांगायला नको.

चाचणी बंडू लाउडस्पीकरवाल्याच्या दुकानात भर दुपारी झाली. त्याच्या अॅम्प्लिफायरला एक भोक माइकचं आणि एक तबकडीच्या यंत्राचं होतं. तबकडीच्या भोकात मेंडोलिनची वायर घातली. मामा म्हणाले, मला बाहेरून ऐकायचंय. ते रस्त्यावर जाऊन कर्ण्याखाली उभे राहिले आणि तारा छेडायचं काम माझ्याकडे आलं. मला वाजवता येत नाही. मी नुसती एक तार ओढली. कर्ण्यातून टण्णदिशी आवाज निघाला तसा टांग्याचा घोडा थबकला. मामा रस्त्याच्या मधोमध वर मान करून उभे होते. मागचा टांगेवाला ओरडत होता तरी हलले नाहीत. मी आणखी एक तार ओढली. वाजवणारा मी असल्यामुळे आणि मी तोंड मिटून वाजवत असल्यामुळे पुढं काय होणार आहे हे त्या दिवशी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

पहिलं लग्न गुळाच्या एका अडत्याच्या मुलीचं होतं. मुहूर्त दुपारचा. अक्षता पडल्या, पंगत बसली, चारशे पानं. दत्तोबांनी पार्टी सुरू केली. मांडवाच्या चारी कोपऱ्यांत कर्णे. मामांनी हनुवटी भोकावर टेकवली आणि अठरा वर्षं वाजवत होते तसं वाजवायला लागले.

सुरुवातीला नुसती कुजबुज ऐकू आली. लोकांना वाटलं, कर्ण्यात काहीतरी बिघाड आहे. मग शब्द लागायला लागले. हां... चढ आता, चढ की... शंकऱ्या, फुंक जोरात, दूध न्हाई निवाय ठेवल्यालं... दत्तोबाचा भाता गळतोय, वायसर बदलाय पायजे... वाढणारे थांबले. जेवणारे वर बघायला लागले. मामांना स्वतःला काही कळत नव्हतं. कर्ण्यातून आपलं वाजवणं येतंय एवढ्याच आनंदात ते होते, आणि आनंदात त्यांचे ओठ जास्तच चालायचे. नवरदेव झोपला वाटतं... न्हाई, तोंडच तसं हाय... आणि मग, एका लांबलचक सुराच्या शेवटी, पेठेला ऐकू जाईल एवढ्या खणखणीत आवाजात :

"त्या गुलाबी फेट्याच्या पावण्यानं चौथा लाडू टाकला खिशात. डाव्या न्हाई, उजव्या."

गुलाबी फेटा नवरदेवाच्या सख्ख्या मामाचा होता. चारशे माणसांनी एकाच वेळी माना वळवल्या. फेटेवाल्यांचा हात अजून उजव्या खिशातच होता. ते ताडकन उठले, त्यांच्याबरोबर वराकडची अर्धी पंगत उठली. दत्तोबांनी वायर उपटली. अडते हात जोडून धावले. लग्न लागलेलं असूनही मोडतंय की काय अशी वेळ आली, तेवढ्यात नवरदेवाची आजी, म्हणजे त्या फेटेवाल्यांची आईच, हसायला लागली. इतकी हसली की तिला पाणी पाजावं लागलं. ह्यो लहानपणापासनं लाडू चोरतोय, आज कुणीतरी बोललं बाबा एकदाचं, असं ती म्हणाली आणि पुन्हा हसायला लागली. आजीच हसतेय म्हटल्यावर रागावायचं कुणी, हा प्रश्न पडून पंगत हळूहळू खाली बसली.

आठ दिवसांत ही गोष्ट गावाबाहेर कळंब्यापर्यंत पोचली. दत्तोबांकडे लोक यायला लागले. पेटी नको, क्लॅरिनेट असलं नसलं तरी चालेल, पण ते बोलणारं मेंडोलिन पाहिजे. दत्तोबांचा सगळा राग निवला. त्यांनी मामांना मिठी मारून सांगितलं, की खुर्ची तुझी, मरेपर्यंत तुझी, फक्त बोलत राहा. बोलला नाहीस तर मात्र मला अॅकॉर्डियन बघावं लागेल.

मामा त्या संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसले. मला वाटलं खुशीत असतील. बराच वेळ ओठ हलले नाहीत, तेव्हा मी घाबरलो.

"वाजवलं ते एकानं बी ऐकलं न्हाई, बीए," ते म्हणाले. "लाडू ऐकला."

मी त्यांना म्हणालो, आता तरी चकती काढा. ते म्हणाले, एकदा सरसानं बसवलेलं मी उचकटणार नाही. खोट चकतीत नाही, माझ्या तोंडात आहे. आणि तोंड दुरुस्त करायला ते लागले. आधी जिभेखाली सुपारी ठेवून पाहिली. शब्द बोबडे यायला लागले, थांबले नाहीत. मग तोंडाला फडकं बांधून दुकानात बसले, तर सगळी पेठ दाढदुखीची औषधं घेऊन आली. शेवटी पाणी सापडलं. तोंडात गच्च पाणी भरलं की ओठ उघडायची सोयच नाही. आता प्रश्न हाताचा. पहिल्या दिवशी मामा गाल फुगवून स्टोव्हसमोर बसले आणि तासभरात पाना एकदाही फिरला नाही. दुसऱ्या दिवशी एकदा फिरला. आठ दिवस ते तोंडात पाणी धरून दुकान चालवत होते. गिऱ्हाइकाला हातवारे करून बिघाड आणि भाव सांगायचे. भुवया मात्र भयंकर हलायला लागल्या. सगळ्या शिव्या तिकडं चढल्या असाव्यात. मामी मला म्हणाल्या, चोवीस वर्षांत पहिल्यांदा मला घरात बोलायला सापडलं, हे असंच राहू दे म्हणावं. मामा ऐकत होते, पण उत्तर द्यायची सोय नव्हती.

पुढचं लग्न कसबा बावड्याला होतं, उसाच्या फडालगतच्या मोकळ्या जागेत. खास बोलणारं मेंडोलिन म्हणून पार्टी बोलावली होती. लोक जेवायच्या आधीच पार्टीसमोर घोळका करून बसले. काहींनी आपले खिसे उलटे करून ठेवले होते, मेंडोलिनला दिसावेत म्हणून. मामांनी शेजारी पितळेचा तांब्या ठेवला होता. सकाळीच त्यांनी दत्तोबांना सांगितलं होतं, की आज मी बोलणार नाही. दत्तोबांनी एकच उत्तर दिलं होतं. "मग उद्या येऊ नगंस." मामांनी तांब्या उचलला, तोंड भरलं, आणि हनुवटी टेकवली.

पहिल्या गाण्याला हात चालला नाही. दोन सूर निघाले आणि थांबले, दोन निघाले आणि थांबले. लोक हसले. कुणीतरी ओरडलं, बोला की मामा. मामांच्या कपाळावर घाम आला, गाल तट्ट फुगलेले, भुवया वर-खाली. शंकररावांनी त्यांच्याकडे पाहिलं, क्लॅरिनेट तोंडापासून काढलं आणि आडवं मांडीवर ठेवून दिलं. तबलजीनंही हात आवरला. दत्तोबा रागानं दोघांकडे बघत होते, पण पेटीवरचा एक सूर त्यांनी धरून ठेवला. त्या सुरावर मामांचा हात सुटला.

मला गाण्यातलं काही कळत नाही. त्यामुळे ते कसं होतं हे मी सांगू शकत नाही. इतकंच सांगतो, की अठरा वर्षांचं साठलेलं होतं आणि ते चारी कर्ण्यांतून स्वच्छ, एकट्यानं, उसाच्या फडावर जात होतं. लोक थोडा वेळ थांबले. मग चुळबुळ करायला लागले. मशीन बंद पडलं वाटतं, असं एक जण म्हणाला. यजमानांचा भाऊ बंडूकडे जाऊन वायरी हलवून आला. घोळका एकेक करून उठला आणि पंगतीकडे गेला. दहा मिनिटांत समोर कुणी राहिलं नाही. मामा वाजवत होते.

तेवढ्यात उष्ट्या पत्रावळ्या गोळा करणारी एक म्हातारी हातात ढीग घेऊन मांडवाच्या कडेनं चालली होती. ती पार्टीसमोर थांबली. पत्रावळ्या तशाच छातीशी धरून तिनं दत्तोबांकडे, मग शंकररावांकडे, मग मामांकडे बघितलं. गाणं संपेपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, "बाबानू, ते बारीक, गोड वाजत व्हतं, ते कोण वाजवतंय?"

हा प्रश्न मामांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारला होता, आणि त्यांच्या तोंडात पाणी होतं. त्यांनी दत्तोबांकडे बघितलं. मामांनी डोळे मिटले, सगळं पाणी एका घोटात गिळलं, आणि भोकावरची हनुवटी न उचलताच म्हणाले :

"मी."

चारी कर्ण्यांतून, पंगतीवरून, उसावरून तो शब्द गेला. पंगतीतले लोक टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं, मशीन सुरू झालं. चार पोरं आणि दोन फेटेवाले पार्टीकडे धावत यायला लागले. मामांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तांब्या उचलून पुन्हा तोंड भरलं, गाल फुगवले. दत्तोबांनी क्षणभर त्या फुगलेल्या गालांकडे पाहिलं, आणि न विचारता पुढच्या गाण्याचा सूर धरला.